आज्जीच्या वडलांचं दुसऱ्या महायुद्धातलं मिलिटरी रेकॉर्ड काढायचंय, हातात फारच थोडी माहिती आहे

मेघ_सोलापूर
नमस्कार मंडळी. थोडं लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी मदत कशी करणार म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्या आज्जीचे वडील, म्हणजे आमचे पणजोबा, दुसऱ्या महायुद्धात मिलिटरीत होते. गाव अक्कलकोट तालुक्यातलं. लढाई संपल्यावर सुखरूप परत आले, मग सोलापुरात मिलमध्ये लागले आणि आज्जीच्या लग्नानंतर दोनेक वर्षांत वारले. पेन्शन नव्हती, त्यामुळे पेन्शनचा कागदही नाही. आज्जी आता ८६ वर्षांची आहे, तिला बाबा परत आल्याचा दिवस आठवतो, जाड राखाडी ब्लँकेट आठवतं, आणि ते "बर्माच्या लढाईला गेले होते" एवढंच ती सांगते. रेजिमेंट माहीत नाही, नंबर माहीत नाही, जन्मतारीख तर नाहीच नाही. नाव ज्ञानोबा, पण गावात सगळे आप्पाच म्हणायचे आणि एका जुन्या फेरफारावर ज्ञानू असंही लिहिलेलं आहे.

ट्रंकेत निघालेल्या वस्तू म्हणजे एक गोल चांदीसारखं मेडल, एक चांदणीच्या आकाराचं तांबूस मेडल, दोन्हींच्या फिती गेलेल्या. एक ग्रुप फोटो, त्यात पणजोबा कोणते हे फक्त आज्जीला ओळखू येतं. आणि एक पोस्टकार्ड, जे आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नाही.

एका सरकारी ऑफिसात जाऊन विचारलं तर नंबर आणि युनिट घेऊन या मग बघू म्हणाले. अहो पण तेच तर शोधायचंय! आज्जी आहे तोवर तिच्या हातात तिच्या वडलांचा एक तरी अधिकृत कागद द्यायचा आहे. कुठून सुरुवात करू?

चादरगल्ली
ताई आमच्याकडं बी असंच होतं बघा. आजोबा मिलिटरीत होते म्हणून घरात सगळे अभिमानानं सांगायचे पण कुठल्या पलटणीत ते कुणालाच ठावं नव्हतं. मी पण बरेच दिवस शोधायलोय, त्यामुळं हा धागा धरून बसतो. एक सांगतो, मेडल घासू नका हं. आमच्या काकांनी चिंच लावून चकाचक केलं आणि कडेवरची बारीक अक्षरं पार गेली.

नाणीवाला
चादरगल्ली यांनी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. मेघताई, चिंच, ब्रासो, टूथपेस्ट काहीही लावू नका. मऊ कोरड्या कपड्यानं फक्त धूळ पुसा.

मी मेडलं जमवतो म्हणून सांगतो. चांदणीच्या आकाराची मेडलं म्हणजे त्या युद्धातले स्टार, ते सगळे दिसायला एकसारखेच असतात, सहा टोकं, मध्ये राजाच्या नावाची आद्याक्षरं, वर मुकुट. फरक फक्त मधल्या गोल कड्यावरच्या अक्षरांत. आफ्रिका, बर्मा, इटली, पॅसिफिक असं जिथं माणूस लढला तिथलं नाव त्या कड्यावर असतं. फीत असती तर रंगावरून लगेच कळलं असतं, पण नसली तरी अक्षरं पुरतात.

गोल मेडल उलटं करून बघा. सिंह एका दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असेल तर ते वॉर मेडल. भारताचा नकाशा असेल तर इंडिया सर्व्हिस मेडल. आणि आता नीट ऐका, गोल मेडलची कड, म्हणजे रुपयाच्या नाण्याची कड धरतो ना आपण, ती जागा बघा. ब्रिटिश सैनिकांना दिलेली मेडलं कोरी असायची, पण हिंदी सैनिकांच्या बऱ्याच मेडलांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. सगळ्यांवर नसते, पण बघायलाच हवं. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च बाजूनं, अगदी आडवा धरा, समोरून नको. सावली पडली की पुसट अक्षरं वर येतात.

भीमाकाठचा
माझे आजोबा पंढरपूरकडचे, आरआयएएससी म्हणजे त्या वेळच्या सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. माझ्या अनुभवावरून सांगतो, नंबर हातात आला तरी पलटणीशिवाय त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा नंबर रेजिमेंट किंवा कोअरवार दिलेले असायचे, तोच नंबर दुसऱ्या रेजिमेंटमध्ये दुसऱ्याच माणसाचा असू शकतो. आणि रेकॉर्ड दिल्लीत एका ठिकाणी नाहीये, प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट मध्य प्रदेशात सागर, बॉम्बे सॅपर्स (म्हणजे पूल-रस्ते बांधणारे सैनिक) खडकी, तोफखाना नाशिक रोड, सिग्नल्स जबलपूर, मेडिकल कोअर लखनौ. त्यामुळे आधी पलटण शोधा, बाकी सगळं नंतर.

लंडनस्थ_मंगळवेढेकर
ब्रिटिशांचं सैन्य होतं तर रेकॉर्ड इकडे इंग्लंडमध्येच असणार ना? इकडच्या संरक्षण खात्याला अर्ज करता येतो, फी भरून. मी इथून करून देऊ का?

निवृत्त_क्लार्क_जीडी
लंडनस्थ, तुमच्या मदतीच्या भावनेला नमस्कार, पण फी वाया जाईल म्हणून थांबवतो. ब्रिटिश आर्मी वेगळी आणि इंडियन आर्मी वेगळी होती. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या फायली लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत, पण शिपाई, नाईक, हवालदार यांचे कागद तिकडे कधी गेलेच नाहीत. ते त्या त्या रेजिमेंटच्या सेंटरला राहिले आणि १९४७ नंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात रेजिमेंटा वाटल्या गेल्या तसे कागदही त्यांच्याबरोबर गेले. आपल्याकडच्या माणसांचं बहुतेक सगळं भारतातच आहे.

मेघताई, मी रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे आतून सांगतो, आधी खरी परिस्थिती ऐकून घ्या म्हणजे पुढे निराशा होणार नाही. प्रत्येक जवानाचा एक शीट रोल असायचा, त्यात भरती, ट्रेनिंग, बदली, रजा, शिक्षा, मेडल, वारसाचं नाव सगळं. पण ज्यांना पेन्शन नव्हती त्यांचे हे कागद २५ वर्षं ठेवून नष्ट करायचा नियम आहे. १९४६ ला सुटलेल्या माणसाचे कागद म्हणजे १९७० च्या दशकातच गेलेले असणार. युद्धासाठी भरती झालेली लाखो माणसं अशीच बिनपेन्शन सुटली, कारण पेन्शनला १५ वर्षं नोकरी लागायची.

पण नष्ट होत नाही ते लाँग रोल. हे मोठं जाड रजिस्टर असतं, एका माणसाला एक ओळ. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख आणि कारण. अर्जात तुम्ही "सर्व्हिस रेकॉर्ड द्या" एवढंच लिहिलंत तर "नष्ट झालं आहे" असं दोन ओळींचं उत्तर येईल आणि ते खोटंही नसेल. म्हणून स्पष्ट लिहा की शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा. हा शब्द अर्जात असला पाहिजे म्हणजे असलाच पाहिजे.

मेघ_सोलापूर
काका, खूप खूप आभार, लाँग रोल हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

काल रात्री नाणीवाला सरांनी सांगितलं तसं केलं. दिवे घालवून टॉर्च आडवा धरला, भाऊ मोबाईलवर झूम करून एकेक अक्षर वाचत होता आणि आज्जी बाजूला बसून काय दिसलं काय दिसलं विचारत होती. गोल मेडलच्या मागे सिंह आणि ड्रॅगन आहे, म्हणजे वॉर मेडल. कडेवर आधी आकडे आहेत, त्यातला एक आकडा घासला गेलाय, तीन असेल नाहीतर आठ. मग एस-ई-पी, मग डी-एन-वाय-ए-एन-यू एवढं स्पष्ट, पुढचं आडनाव अर्धं, आणि शेवटी एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए.

आणि स्टारवर बर्मा नाहीये. इटली आहे!! आज्जीला सांगितलं तर ती म्हणाली इटली कुठं आली.

नाणीवाला
वा! एस-ई-पी म्हणजे सिपॉय, शिपाई. आणि ते स्पेलिंग म्हणजे त्या वेळची पाचवी महारत्ता लाइट इन्फंट्री, आजची मराठा लाइट इन्फंट्री. इंग्रजीत शोधताना जुन्या आणि नव्या दोन्ही स्पेलिंगनी शोधा. सोलापूरचंही तसंच, जुन्या कागदांत एस नंतर एच घालून शोलापूर लिहायचे.

आज्जींनी बर्मा सांगितलं त्यात नवल नाही, आमच्या भागात तर समुद्रापलीकडची प्रत्येक लढाई बर्माचीच असायची. घरातली गोष्ट जपून ठेवा, पण अर्ज मेडलवरून करा.

भीमाकाठचा
अंगावर काटा आला वाचून. मराठा पलटणीच्या पहिल्या आणि तिसऱ्या बटालियन इटलीत लढल्या. तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला अप्पर टायबर खोऱ्यात एकटे मशीनगनवर चालून गेले आणि तिथंच पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान. पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर गोळीबारात जखमी साथीदारांना पाठीवर घालून आणलं, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. अख्ख्या इटलीच्या लढाईत २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ हिंदी सैनिकांचे. २०२३ मध्ये तिकडे मोन्तोने नावाच्या गावात घाडग्यांचं स्मारकही झालं. आणि आपल्याकडे शाळेत यातलं एक अक्षर शिकवत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

मेघताई, तुमचे पणजोबा यातल्या कुठल्या बटालियनमध्ये होते ते कळलं तर बटालियनची वॉर डायरी बघता येईल. रोजची नोंद असते, कुठे मुक्काम, कुठे हल्ला, किती जखमी. शिपायाचं नाव सहसा नसतं पण तो त्या दिवशी कुठे होता ते कळतं. आणि इथे मात्र लंडनस्थ खरंच कामी येतील, कारण इटलीतल्या वॉर डायऱ्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

लंडनस्थ_मंगळवेढेकर
नक्की! बटालियन कळवा, मी शनिवारी जाऊन फोटो काढून आणतो. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचं काम आहे.

टपालछंदी
मेघताई, पोस्टकार्डाकडे दुर्लक्ष करू नका! दोन्ही बाजूंचा फोटो टाका. युद्धावरून आलेल्या पत्रावर गावाचं नाव नसतं, सेन्सॉर काढून टाकायचा, पण पत्त्यात तीन-चार अक्षरं असतात. सीएमएफ असेल तर इटलीकडचं, एमईएफ असेल तर इजिप्त-लिबियाकडचं, एसईएसी असेल तर बर्माच्या आघाडीचं. शिवाय गोल शिक्क्यात एफपीओ म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर असतो. कोणतं एफपीओ कधी कुठे होतं याच्या याद्या आम्हा टपालवाल्यांकडे आहेत.

मेघ_सोलापूर
फोटो टाकलाय. पत्त्याच्या बाजूला सीएमएफ दिसतंय. मागची बाजू अशी एकाला एक जोडलेली अक्षरं आहेत.

मोडीवाचक_बार्शी
ही मोडी आहे. अक्षर घाईचं आहे पण वाचता येतंय. सुरुवातीला शिरसाष्टांग, मग खुशाली, मनीऑर्डर पोचली का, बैल विकू नये, पाऊस कसा आहे. कुठल्या ठिकाणाचं नाव नाही. आणि शेवटी लिहिलंय, "मुलीस शाळेत घालणे, हयगय करू नये."

सहीच्या आधी "१ ली पलटण" असं आहे, म्हणजे बटालियनही मिळाली बहुतेक.

मेघ_सोलापूर
आज्जी चौथीपर्यंत शिकली. त्या काळात गावात मुलींपैकी ती एकटीच शाळेत जायची आणि तिला वाटायचं की तिच्या काकांनी घातलं. तिला वाचून दाखवलं. यावर मला आत्ता काही लिहिता येत नाहीये.

मोडीवाचक, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.

निवृत्त_क्लार्क_जीडी
पोरी, आता वेळ घालवू नको, अर्ज कर. मी मुद्दे सांगतो.

अर्ज आज्जींच्या सहीनं जाऊ दे, तुझ्या नाही. मुलगी म्हणजे थेट वारस, पणतीला नातं सिद्ध करायला चार कागद जास्त लागतात. सही जमत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. सोबत आज्जींचं आधार, वडलांचं नाव असलेला शाळेचा दाखला आणि तो फेरफार. पत्ता, अभिलेख कार्यालय, मराठा लाइट इन्फंट्री, बेळगाव. स्पीड पोस्टनंच पाठव, पोच जपून ठेव.

नंबर लिहिताना घासलेल्या आकड्याचे दोन्ही पर्याय लिही, तीन पण आणि आठ पण. नावाचेही सगळे पर्याय, ज्ञानू, ज्ञानोबा, आणि इंग्रजीत डी-एन-वाय नं आणि जी-वाय नं सुरू होणारं दोन्ही, कारण भरतीचा क्लार्क ऐकेल तसं लिहायचा. मेडलच्या कडेचा आणि स्टारचा क्लोजअप फोटो लाव. आणि गावापुढे सोलापूर जिल्हा लिहून थांबू नको. अक्कलकोट तेव्हा संस्थान होतं, १९४८ ला विलीन झालं. लाँग रोलमध्ये गावापुढे "अक्कलकोट स्टेट" असण्याची दाट शक्यता आहे, शोधणारा माणूस सोलापूर जिल्हा बघत बसला तर ओळ डोळ्यासमोरून निघून जाईल.

साध्या अर्जाला दोन-तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. ऑनलाइन पोर्टलवर इंडियन आर्मी निवडता येतं, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कोणी वैयक्तिक माहिती म्हणून नाकारलं तर कलम ८ चं पोटकलम ३ दाखव, वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मोजके अपवाद सोडून द्यावी लागते. आणि अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर कलम ६ पोटकलम ३ खाली त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

पण पहिलं पत्र साधं आणि आदरानं लिही. आत बसलेली माणसंही जवानच असतात. "माझे वडील पहिल्या पलटणीत होते" असं आज्जींनी लिहिलेलं पत्र टेबलावर आलं की कोणीतरी उठून रजिस्टर काढतोच, हे मी स्वतः बघितलेलं आहे.

सात_रस्ता
आपल्या सोलापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण एक प्रत द्या. तिथून पत्र पुढे पाठवलं की वजन पडतं. आणि पणजीबाई, म्हणजे आज्जींची आई, किती साली गेल्या? राज्य सरकार बिनपेन्शन महायुद्धवाल्यांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मदत देतं, त्यांनी कधी अर्ज केला असेल तर तिथे जुनी फाइल असू शकते आणि फाइलमध्ये डिस्चार्ज सर्टिफिकेटची नक्कलही.

एक सावधगिरी. "महायुद्धाची पेन्शन काढून देतो" म्हणून पैसे मागणारे एजंट फिरतात. यातल्या कुठल्याच कामाला एजंट लागत नाही. पणजोबांचं मेडल "तपासायला" म्हणून कोणाच्या हातात देऊ नका.

मेघ_सोलापूर
आज सात रस्त्याच्या पोस्टातून स्पीड पोस्ट केलं. आज्जीनं सही स्वतः केली, मराठीत, पूर्ण नाव, वडलांचं नाव मध्ये घालून. उत्तर आलं की इथेच कळवते.

मेघ_सोलापूर
मंडळी, धागा वर काढतेय. बेळगावहून उत्तर आलं!

शीट रोल काकांनी सांगितलं तसा नियमाप्रमाणे नष्ट झालेला आहे. पण लाँग रोलची ओळ सापडली आणि तिचा सही-शिक्क्याचा उतारा पाठवलाय. घासलेला आकडा आठ. नाव ज्ञानू. गाव बरोबर आणि पुढे खरंच अक्कलकोट स्टेट. भरती १९४१, सुटका १९४६. बापाच्या नावाच्या रकान्यात जे नाव आहे ते आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं, आज्जीलाही नाही, कारण तिचे आजोबा तिच्या जन्माआधीच गेले होते आणि घरात त्यांना थोरले आप्पाच म्हणायचे. म्हणजे आमच्या वंशावळीत एक पिढी वाढली.

आज्जीनं कागद लॅमिनेट करायला सांगितला होता, पण ओरिजिनलचं लॅमिनेशन करू नका असं नाणीवाला सरांनी मागे एका धाग्यात लिहिलेलं वाचलं होतं, म्हणून कलर झेरॉक्स लॅमिनेट करून तिच्या उशाशी दिलाय आणि मूळ कागद प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवलाय. लंडनस्थ दादा, पहिली बटालियन पक्की, तुमच्या शनिवारची वाट बघतेय.

निवृत्त_क्लार्क_जीडी
शाब्बास. आज्जींना माझा जय हिंद सांग.

लंडनस्थ_मंगळवेढेकर
तिकीट काढलंय क्यूचं. १९४३ च्या सप्टेंबरपासून सुरू करतो, आठवी इंडियन डिव्हिजन तेव्हा इटलीतल्या तारांतोला उतरली आणि पहिली मराठा तिच्यातच होती. महिनावार फोल्डर करून पाठवीन.

चादरगल्ली
ताई लई आनंद झाला बघा. आता माझं सांगा कुणीतरी. आमच्या आजोबांचं मेडल काकांनी घासून टाकलं हे सांगितलंच, स्टार पण नाही. घरात फक्त एक फोटो हाय, कमरेला हत्यारांचा पट्टा, मागं लोखंडी पूल अर्धा बांधलेला, आणि आजोबा नेहमी "किरकीला होतो" म्हणायचे. जात मराठा, गाव माढा तालुका.

भीमाकाठचा
किरकी म्हणजे खडकी, आणि मागे अर्धा पूल, म्हणजे बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स असण्याची शक्यता खूप आहे. अर्ज खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या रेकॉर्ड ऑफिसला. नंबर नसला तरी पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव आणि अंदाजे भरतीचं साल द्या, लाँग रोल हा शब्द विसरू नका. त्याआधी फोटो मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करून इथे टाका, टोपीचा बिल्ला आणि दंडावरची पट्टी दिसली तर अजून काहीतरी हाती लागेल. आणि फोटो फ्रेममधून काढताना मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का असतो बऱ्याचदा.

चादरगल्ली
फ्रेम उद्या खोलतो. काकूला विचारून.